लक्झेंबर्गची लोकसंख्या: ४७ टक्के परदेशी, ४९ टक्के लक्झेंबर्गी भाषक, मग ७०.५ टक्के कुठून आले?

भूगोल_अमळनेर

राम राम मंडळी. बारावीच्या मुलांकडून ‘लोकसंख्या आणि भाषा’ यावर प्रकल्प करून घ्यायचा आहे. एका बाजूला युरोपातला एखादा लहान बहुभाषिक देश आणि दुसऱ्या बाजूला आपला खान्देश अशी मांडणी आहे. देश लक्झेंबर्ग घेतला. क्षेत्रफळ २,५८६ चौ. किमी, म्हणजे जळगाव जिल्ह्याचा पाव हिस्साही नाही, आणि लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास. मुलांना आवाक्यात वाटेल म्हणून हा निवडला. पण आकडे गोळा केले आणि गाडं अडलं.

एका तक्त्यात परदेशी ४७.३ टक्के, म्हणजे लक्झेंबर्गी ५२.७. दुसऱ्यात लक्झेंबर्गी भाषा ४८.९ टक्के. तिसऱ्यात तीच भाषा ७०.५ टक्के, शिवाय फ्रेंच ५५.७ आणि जर्मन ३०.६. या तिसऱ्याची बेरीज तीन भाषांतच दीडशेच्या पुढे जाते. विभाजित वर्तुळ काढायचं कशाचं?

दुसरं असं की अमळनेर-पारोळा भागात मुलांनी असंच सर्वेक्षण करायचं तर प्रश्न काय ठेवायचे? अहिराणी वेगळी मोजायची की मराठीत धरायची? इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो.

---

तापीकाठ

सर, तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत. ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि त्यातही सालं वेगळी आहेत. एकेक सोडवू.

४७.३ हा नागरिकत्वाचा आकडा आहे, १ जानेवारी २०२४ चा. त्या दिवशी देशाची लोकसंख्या ६,७२,०५० होती. यात भाषेचा काही संबंध नाही, माणसाकडे कोणत्या देशाचं नागरिकत्व आहे एवढंच बघितलेलं आहे. परदेशी लोकांत पोर्तुगीज सर्वांत जास्त, एकूण लोकसंख्येच्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. त्यांच्यानंतर फ्रेंच, इटालियन, बेल्जियन, जर्मन.

४८.९ हा २०२१ च्या जनगणनेतला मुख्य भाषेचा आकडा. तिथला प्रश्न साधारण असा असतो: तुम्ही कोणत्या भाषेत विचार करता, आणि कोणती भाषा तुम्हाला सर्वांत चांगली येते? उत्तर एकच द्यायचं. लक्झेंबर्गी ४८.९, पोर्तुगीज १५.४, फ्रेंच १४.९, इंग्रजी ३.६, इटालियन ३.६, जर्मन २.९ आणि उरलेल्या दहा-अकरा टक्क्यांत बाकी सगळ्या. बेरीज शंभर होते, तेव्हा विभाजित वर्तुळ याचंच काढा.

७०.५ हा २०११ च्या जनगणनेतला, आणि त्याचा प्रश्न पूर्ण वेगळा होता: घरी, शाळेत किंवा कामावर तुम्ही नेहमी कोणत्या भाषा बोलता? उत्तरं कितीही देता येतात. एकाच माणसाची लक्झेंबर्गीतही नोंद, फ्रेंचमध्येही, जर्मनमध्येही. बेरीज शंभराच्या पुढे जाणारच. याचं वर्तुळ काढलं की चित्र खोटं होतं. प्रत्येक भाषेला स्वतंत्र स्तंभ द्या आणि प्रत्येक स्तंभ शून्य ते शंभर मोजा.

मुलांची हमखास चूक कुठे होते तेही सांगतो. ५२.७ टक्के नागरिक आणि ४८.९ टक्के भाषक हे आकडे जवळजवळ आहेत, म्हणून मुलं लिहितात की लक्झेंबर्गी नागरिकांपैकी बहुतेकांची भाषा लक्झेंबर्गी, थोड्यांचीच वेगळी. असं अजिबात काढता येत नाही. पोर्तुगालहून येऊन पुढे नागरिक झालेला माणूस नागरिकत्वाच्या तक्त्यात लक्झेंबर्गी असतो, मुख्य भाषेच्या तक्त्यात पोर्तुगीज असू शकतो. उलट, तिथेच जन्मलेली, पण कागदावर अजून पोर्तुगीज असलेली मुलगी मुख्य भाषा लक्झेंबर्गी सांगू शकते. दोन तक्ते एकमेकांवर ठेवून तिसरा निष्कर्ष काढायचा नाही.

आता छेदाची गोष्ट, ही फार महत्त्वाची. २०२१ ला एकूण लोकसंख्या ६,४३,९४१. तिचे ४८.९ टक्के काढले तर ३ लाख १५ हजार येतात. प्रत्यक्षात मुख्य भाषा लक्झेंबर्गी सांगणारे होते सुमारे २ लाख ७५ हजार. चाळीस हजारांचा फरक पडतो, कारण टक्केवारी त्या प्रश्नाचं उत्तर दिलेल्यांवर काढली आहे, सगळ्या लोकसंख्येवर नाही. २,७५,००० ला ०.४८९ ने भागलं की ५ लाख ६२ हजारांच्या आसपास येतात, तेवढेच उत्तर देणारे. ऐंशी हजारांहून जास्त रकाने कोरे राहिले. मुलांकडून हे गणित एकदा करून घ्याच. टक्के दिसले की ते कशाचे हे विचारायची सवय इथेच लागते.

आणखी एक. २०११ ला मुख्य भाषा लक्झेंबर्गी असलेले ५५.८ टक्के होते, म्हणजे सुमारे २ लाख ६६ हजार. दहा वर्षांत टक्का सात अंकांनी घसरला, पण माणसं नऊ-दहा हजारांनी वाढली. ‘भाषा मरते आहे’ असं लिहिणारे फक्त टक्का बघतात. याच दहा वर्षांत देशाची एकूण लोकसंख्या १ लाख ३१ हजारांनी वाढली, त्यातले बरेचसे बाहेरून आलेले. भांडं मोठं झालं, आतलं दूध आटलेलं नाही.

---

गिरणाकाठची

तापीकाठ भाऊंनी आकडे चोख सांगितले. त्यामागची कारणं मुलांच्या वहीत यावीत म्हणून थोडी भर घालते.

देशाच्या दक्षिणेला लोहखनिजाचा लाल मातीचा पट्टा आहे. एश, ड्युदलांज, डिफरडांज ही तिथली गावं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे खाणी आणि पोलादाच्या भट्ट्या वाढल्या, आणि मजूर आले इटलीतून. आज ३.६ टक्के दिसणारी इटालियन भाषा त्या काळापासूनची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९६० च्या दशकापासून, बांधकाम आणि साफसफाईच्या कामांना पोर्तुगीज यायला लागले. १९७० साली दोन्ही देशांत मजुरांबाबत करार झाला, आणि त्यात कुटुंब आणण्याची सोय होती. म्हणून पोर्तुगीज एकटे आले नाहीत, घरं करून राहिले, आणि पोर्तुगीज ही घरातली भाषा टिकली. १९७० च्या दशकाच्या मध्यावर पोलादाची मंदी आली. त्यानंतर बँका वाढल्या, आणि १९५२ पासून युरोपीय संघटनांची कार्यालयं शहरात होतीच. इंग्रजी, फ्रेंच बोलणारा पांढरपेशा वर्ग त्यांच्यामुळे आला. नोकरीचा प्रकार बदलला तसा येणाऱ्यांचा देश बदलला. मुलांना एवढं एक सूत्र दिलं तरी अर्धा प्रकल्प उभा राहतो.

परदेशी नागरिकांचा टक्का जनगणनेनुसार असा चढला: १९८१ ला २६.३, १९९१ ला २९.४, २००१ ला ३६.९, २०११ ला ४३.०, २०२१ ला ४७.१. याचा रेषालेख चांगला दिसेल. पण शेवटच्या भागात चढ मंदावलेला दिसतो, त्याचं कारण मुलांना सांगा. २००९ पासून तिथे दुहेरी नागरिकत्व चालतं. २०१७ च्या कायद्याने पाच वर्षांचं वास्तव्य, लक्झेंबर्गीची बोलण्या-ऐकण्याची परीक्षा आणि देशाच्या ओळखीचा एक छोटा अभ्यासक्रम एवढ्यावर नागरिकत्व मिळायला लागलं. लिहिण्याची परीक्षा नाही. म्हणजे माणसं येणं थांबलेलं नाही, आलेल्यांतले काही ‘परदेशी’ रकान्यातून ‘लक्झेंबर्गी’ रकान्यात गेले. रेघ सपाट होण्याचं एक कारण हे आहे.

‘राजभाषा कोणती’ यावरही मुलं गोंधळतात. २४ फेब्रुवारी १९८४ चा कायदा असं सांगतो की राष्ट्रभाषा लक्झेंबर्गी, कायदे फ्रेंचमध्ये, आणि कार्यालयं व न्यायालयांच्या कामाला फ्रेंच, जर्मन, लक्झेंबर्गी तिन्ही चालतील. नागरिकाने तिन्हींपैकी ज्या भाषेत अर्ज केला, शक्यतो त्याच भाषेत कार्यालयाने उत्तर द्यायचं. संसदेत बोलणं लक्झेंबर्गीत, मंजूर होणारा कायदा फ्रेंचमध्ये, आणि वर्तमानपत्रं परंपरेने जास्त करून जर्मनमध्ये. बेल्जियममध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये भाषा प्रदेशांनी वाटल्या आहेत, इकडे ही आणि तिकडे ती. लक्झेंबर्गमध्ये तशी वाटणी नाही, एकाच माणसाच्या दिवसाची वाटणी आहे. म्हणून भाषांचे रंग भरलेला लक्झेंबर्गचा नकाशा काढायला मुलांना सांगू नका, तो काढता येत नाही.

आणि शाळा! हे माझ्या मते सगळ्यांत जिव्हाळ्याचं. बालवर्गात लक्झेंबर्गी. पहिलीपासून अक्षरओळख जर्मनमधून, कारण लक्झेंबर्गी जर्मनला जवळची. दुसरीत फ्रेंच सुरू. माध्यमिकला गेलं की गणित फ्रेंचमधून. घरी लक्झेंबर्गी बोलणाऱ्या मुलाला जर्मन वाचणं सोपं जातं. घरी पोर्तुगीज बोलणाऱ्या मुलाला फ्रेंच सोपी पडली असती, पण त्याची पहिली पाटी जर्मनची. परिणाम असा की माध्यमिकच्या वरच्या शाखेत पोर्तुगीज मुलं कमी आणि व्यवसाय-शिक्षणाच्या शाखांत जास्त दिसतात. २०२२ पासून चार शाळांत फ्रेंचमधून अक्षरओळख देण्याचा प्रयोग सुरू झाला तो यासाठीच. धडगाव-अक्कलकुव्यात घरी पावरी किंवा भिली बोलणारं लेकरू पहिलीत मराठी पुस्तक उघडतं, तेव्हा त्याच्यापुढे हाच डोंगर असतो. तुमच्या प्रकल्पात हा धागा नक्की घ्या सर.

---

नवापूर_फाटा

एक गोष्ट वर कोणी घेतली नाही. रोज ये-जा करणारे.

लक्झेंबर्गमध्ये नोकरी करणाऱ्या शंभर माणसांत पंचेचाळीसहून जास्त जण तिथे राहतच नाहीत. सकाळी फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून येतात आणि संध्याकाळी परत जातात. सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं. निम्म्याहून अधिक फ्रान्समधून, उरलेली बेल्जियम आणि जर्मनीतून साधारण सारखी. लोकसंख्येच्या कुठल्याच तक्त्यात ती येत नाहीत, कारण मोजणी राहत्या जागेवर होते. पण दुकानात, दवाखान्यात, हॉटेलात जी भाषा कानावर पडते ती यांची. मुख्य भाषा फ्रेंच असलेले १४.९ टक्केच, तरी राजधानीत पाव विकत घ्यायला फ्रेंचच लागते, याचं मोठं कारण हे. शिवाय राजधानीत राहणाऱ्यांतही परदेशी नागरिक सत्तर टक्क्यांच्या आसपास आहेत, म्हणजे देशाच्या सरासरीहून कितीतरी जास्त.

मुलांना समजावायला नवापूर स्टेशन घ्या. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या घोषणा मराठी आणि गुजराती दोन्हींत होतात. आता नुसत्या नवापूर तालुक्याच्या जनगणनेवरून फलाटावरची गुजराती मोजायला गेलात तर ती कमीच भरेल. राहणाऱ्यांची भाषा आणि वावरणाऱ्यांची भाषा यांना दोन वेगळे रकाने द्या.

---

भूगोल_अमळनेर

खूप उपयोगी. भाऊ, ताई, मनापासून आभार. दोन शंका उरल्या. काही ठिकाणी ‘वांशिक रचना’ म्हणून लक्झेंबर्गर अमुक टक्के, पोर्तुगीज तमुक टक्के असा तक्ता असतो, तो घ्यावा का? आणि अहिराणीचं कोणी सांगितलं नाही.

---

बोलीमोजणी

वांशिक तक्ता घेऊ नका. लक्झेंबर्गच्या जनगणनेत वंश विचारतच नाहीत. त्या तक्त्याला नाव ‘वांशिक’ दिलेलं असतं, आत नागरिकत्वाचेच आकडे असतात. मुलांनी मथळा बदलून ‘नागरिकत्वानुसार लोकसंख्या’ असा लिहावा.

वंश न विचारण्यामागे जुनी जखमही आहे. नाझी जर्मनीने देश व्यापलेला असताना १० ऑक्टोबर १९४१ या तारखेची जनगणना ठरवली. त्यात नागरिकत्व, मातृभाषा आणि वंश असे तीन प्रश्न होते. सूचना अशी की लक्झेंबर्गी ही जर्मनची बोली आहे, ती मातृभाषा म्हणून चालणार नाही. म्हणजे लोकांनी ‘जर्मन’ लिहायचं, आणि त्या आधारावर देश जर्मनच होता असं जाहीर करायचं. भूमिगत गटांनी पत्रकं वाटली: तिन्ही ठिकाणी लक्झेंबर्गी लिहा. आधी काही अर्ज तपासले तर लोकांनी खरंच तसंच लिहिलेलं निघालं, आणि ती जनगणना रद्द करावी लागली. ‘भाषा की बोली’ हा प्रश्न तिथे व्याकरणाचा राहिला नव्हता. बेल्जियममध्ये तर भाषेच्या मोजणीवरून इतकं भांडण पेटलं की १९४७ नंतर जनगणनेत भाषा विचारणंच बंद केलं.

आता अहिराणी. भारताच्या जनगणनेत अहिराणी मराठीत धरत नाहीत, हे आधी पक्कं करा. माणसाने ‘अहिराणी’ सांगितलं तर ती ‘खान्देशी’ या स्वतंत्र भाषागटात जाते. तो गट अनुसूचीबाहेरच्या भाषांत आहे, आणि त्यात डांगी, गुजरीही येतात. पावरी, मावची, तडवी, वसावा यांची बेरीज ‘भिली’ गटात होते. पण त्याच माणसाने ‘मराठी’ सांगितलं तर तो मराठीत मोजला जातो. सगळं एका शब्दावर अवलंबून आहे. प्रगणकाला सूचना अशी असते की समोरचा जे नाव सांगेल तेच लिहायचं, ती भाषा आहे की बोली हे ठरवत बसायचं नाही. गट नंतर कार्यालयात पडतात. २०११ ला देशभरातून साडेएकोणीस हजारांहून अधिक वेगवेगळी नावं आली होती. ती छाननीनंतर १,३६९ मातृभाषांवर आणली गेली, आणि शेवटी १२१ भाषांत बसवली.

खान्देशी गटाचे देशभरातले आकडे बघा: १९९१ ला ९ लाख ७३ हजार, २००१ ला २० लाख ७५ हजार, २०११ ला १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दुप्पट जन्म होत नाहीत, आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाख माणसं नाहीशीही होत नाहीत. त्या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या दीड कोटीने वाढली होती. बदललं ते दारात उभ्या प्रगणकाला दिलेलं उत्तर. मुलांनी या तीन आकड्यांखाली ‘बोलणारे घटले’ असं वाक्य लिहू नये. ‘अहिराणी किंवा खान्देशी असं नोंदवणारे घटले’ असं लिहावं. लक्झेंबर्गचा घसरणारा टक्का आणि आपली घसरणारी संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे माणसं वाढून टक्का उतरला, इथे माणसं वाढूनही संख्या उतरली.

सर्वेक्षणासाठी चार प्रश्न ठेवा, याच क्रमाने:

१. लहानपणी आई तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलायची? (एकच उत्तर. आपल्या जनगणनेची मातृभाषेची व्याख्या हीच आहे. आई लवकर गेली असेल तर घरात बोलली जाणारी भाषा.)
२. आज तुम्ही मनात कोणत्या भाषेत विचार करता, कोणती सगळ्यांत चांगली येते? (एकच. हा लक्झेंबर्गचा प्रश्न.)
३. घरात कोणकोणत्या भाषा बोलता? (कितीही.)
४. शाळा, काम, बाजार इथे कोणकोणत्या? (कितीही.)

पर्याय छापू नका. रकाना कोरा ठेवा. ‘मराठी / हिंदी / इतर’ असं छापलं की अहिराणीवाला मराठीवर खूण करतो आणि विषय तिथेच संपतो. जे नाव ऐकू येईल ते जसंच्या तसं: अहिराणी, खान्देशी, लेवा, गुजरी, पावरी, तडवी, उर्दू, सिंधी, मारवाडी, गोरमाटी. गट पाडायचे ते नंतर, शेजारच्या वेगळ्या रकान्यात, आणि मूळ उत्तर खोडायचं नाही.

सगळ्यांत जास्त बिघडतं ते विचारण्याच्या भाषेमुळे. गणवेशातला मुलगा वही घेऊन शुद्ध मराठीत ‘आपली मातृभाषा कोणती?’ असं विचारतो, तेव्हा आजीबाईसुद्धा सावरून ‘मराठी’ सांगतात. त्याच ओट्यावर बसून ‘आजी, तुम्ही घरमा काय बोलतस?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं. म्हणून निम्मी घरं मराठीत आणि निम्मी अहिराणीत विचारा, आणि कोणतं घर कोणत्या भाषेत विचारलं ते कोपऱ्यात टिपा. दोन्हींच्या उत्तरांत फरक पडला तर तो फरक हाच प्रकल्पाचा सगळ्यांत मोलाचा तक्ता.

---

तापीकाठ

बोलीमोजणी यांच्या मांडणीला माझी एक दुरुस्ती. निम्मी घरं मराठीत, निम्मी अहिराणीत हे ठीक, पण घरं मुलांनी स्वतः निवडायची नाहीत. निवडायला लागले की अहिराणी बोलणाऱ्या ओळखीच्या घरात अहिराणीतच विचारतील, आणि फरक आधीच ठरून जाईल. गल्लीतल्या घरांना क्रमांक द्या, विषम क्रमांकाला मराठी, सम क्रमांकाला अहिराणी. ज्याला अहिराणी कळतच नाही त्याला अर्थातच मराठीत किंवा हिंदीत विचारा, पण तशी नोंद करा आणि तुलनेच्या तक्त्यातून ते घर वेगळं ठेवा.

शंभर घरं पुरतात. साठ खेड्यातली, चाळीस अमळनेर शहरातली, असं काहीतरी. प्रत्येक घरात शक्य तिथे तीन पिढ्यांना वेगवेगळं विचारा: आजी किंवा आजोबा, आई किंवा वडील, आणि शाळकरी मूल. पिढ्यांची उत्तरं एकत्र करू नका, तीन स्तंभ शेजारी शेजारी काढा. कोरे किंवा ‘सांगता येत नाही’ हेही मोजा आणि प्रत्येक आलेखाखाली ‘उत्तर देणारे: इतके’ असं लिहा. नाहीतर लक्झेंबर्गच्या चाळीस हजारांसारखी गफलत आपल्याकडेही होईल. आणि शंभर घरांवरून ‘अमळनेर तालुक्यात इतके टक्के’ असं लिहायचं नाही. ‘विचारलेल्या घरांत’ एवढंच.

वर्तुळ प्रश्न १ आणि २ चं, स्तंभ ३ आणि ४ चे. स्वित्झर्लंड जोडायचा झाला तर एक लक्षात असू द्या. तिथे २०१० पासून दरवर्षी नमुना पाहणी होते आणि माणूस एकाहून अधिक मुख्य भाषा सांगू शकतो, त्यामुळे तिथल्या मुख्य भाषेची बेरीजही शंभराच्या पुढे जाते. ते आकडे लक्झेंबर्गच्या वर्तुळाशेजारी वर्तुळ म्हणून लावू नका.

---

भूगोल_अमळनेर

सम-विषमची युक्ती लगेच घेतली. आजी-आजोबांना तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाची उत्तरं सारखीच येणार असं वाटतं, तरी दोन्ही विचारतो. गोरमाटी आणि तडवी घरं नमुन्यात आली तर विचारायला त्या भाषा बोलणारी मुलं वर्गात आहेत, त्यांनाच त्या घरी पाठवू का?

---

गिरणाकाठची

हो, पण एकटं नको, जोडीने पाठवा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने उत्तर ऐकलं तसं लिहायचं. ओळखीचं मूल एकटंच असलं की घरचे म्हणतात, ‘तुला माहीतच आहे, भरून टाक.’ आणि ते भरून टाकतं.